इंडक्शन पुन्हा पुन्हा बंद पडते? आधी भांडं उलटं करून बघा

माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेल्या कितीतरी इलेक्ट्रिक शेगड्या मी स्क्रूड्रायव्हर न लावता परत पाठवल्या आहेत. त्यांच्यात काही बिघडलेलंच नव्हतं. घोळ शेगडीच्या वर होता, खाली होता, नाहीतर मागे भिंतीत होता. तोच घोळ इतक्यांदा निस्तरलाय की फोन आला की पहिले चार प्रश्न तोंडपाठ बाहेर पडतात. ते इथे क्रमाने लिहितो. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, ज्यासाठी माणूस बोलवावा लागतो ते शेवटी.

लक्षणं

- भांडं ठेवलं तरी शेगडी टूं-टूं करत राहते, आकडा लुकलुकतो आणि अर्ध्या-एक मिनिटात बंद होते.
- एका भांड्यावर चालते, दुसऱ्यावर नाही. किंवा तेच भांडं काल चाललं आणि आज चालत नाही.
- दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत, मग मधेच बंद. थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी पुन्हा चालू.
- पाणी उकळायला पूर्वीपेक्षा खूपच वेळ लागतो.
- मधोमध करपतं, कडेला कच्चं राहतं.
- शेगडी गुणगुणते, किरकिरते, टकटक करते.
- प्लग धरवत नाही इतका तापतो, किंवा जळकट वास येतो.
- शेगडी लावली की घरातला एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) किंवा ईएलसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) पडतो.
- भांड्याला किंवा शेगडीला हात लावला की झिणझिण्या येतात.
- काचेला तडा गेलाय.

यातली शेवटची चार लक्षणं वेगळ्या जातीची आहेत. त्यांपैकी एकही असेल तर आत्ता भिंतीवरचं बटण बंद करा आणि खालचं "मागची बाजू" आणि "काच" एवढंच वाचा. भांडी वगैरे नंतर बघू.

आधी शेगडी कोणती ते ओळखा

इलेक्ट्रिक शेगडी म्हणजे एकच प्रकार नव्हे, आणि तिन्ही प्रकारांचे आजार वेगवेगळे.

पहिली कॉइलची किंवा लोखंडी तव्याची हॉटप्लेट. आत नायक्रोमची तार तापते आणि तिची उष्णता वर टेकलेल्या भांड्यात जाते. हिला भांडं कुठल्याही धातूचं चालतं, फक्त तळ सपाट हवा.

दुसरी काचेची, पण चालू केल्यावर खाली लालभडक दिसणारी. हिला कोणी इन्फ्रारेड म्हणतात, कोणी सिरॅमिक. काचेखाली तारच तापते, म्हणून हिलाही भांड्याच्या धातूचं सोयरसुतक नाही.

तिसरी इंडक्शन. हीसुद्धा काचेची, पण खाली काही लाल होत नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं आणि त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्याचं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या तळात भोवऱ्यांसारखे प्रवाह निर्माण करतं आणि तापतो तो भांड्याचा तळ. काच तापते ती भांड्यामुळे, मागाहून. म्हणजे इंडक्शनमध्ये भांडं हाच शेगडीचा अर्धा भाग आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच तपासण्या आपोआप सुचतात.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक इंडक्शनच्याच असतात, म्हणून खालचं लिखाण तिकडे झुकलेलं आहे. इतर दोघींचं काही वेगळं असेल तिथे सांगतो.

बिघाड वाटतो, पण बिघाड नाही

बंद केल्यावरही पंखा एक-दोन मिनिटं फिरत राहतो. फिरू द्या, आतले भाग थंड होत असतात. त्या वेळी भिंतीवरचं बटण लगेच बंद करायची घाई करू नका.

कमी आचेवर इंडक्शन थोडा वेळ चालते, थोडा वेळ थांबते. भांड्यात बुडबुडे येतात, विरतात, पुन्हा येतात. बऱ्याच शेगड्या अगदी कमी ताकद सलग देऊ शकत नाहीत, म्हणून ती तुकड्या-तुकड्यांनी देतात. इन्फ्रारेडचं लाल होणं आणि विझणंही असंच. काचेखाली तापमान राखणारा एक स्विच असतो, तो तारेला मधूनमधून विश्रांती देतो.

गुणगुणणं बहुतेकदा भांड्याचं असतं. तळाला दोन-तीन धातूंचे थर असले की ते चुंबकीय क्षेत्रात थरथरतात. दुसऱ्या भांड्यावर आवाज गेला तर शेगडी निर्दोष.

पॅनेल ओलं असेल तर बोटाचा स्पर्श आणि पाण्याचा थेंब यांतला फरक शेगडीला कळत नाही. उतू गेलं, पाणी बटणांवर आलं आणि शेगडी बंद झाली, असं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि पुन्हा लावा. बटणं अजिबात दाद देत नसतील तर कुलपाचं चित्र दिसतंय का बघा. ते बटण काही सेकंद दाबून धरलं की कुलूप निघतं. हसू नका. शेगडी पिशवीत घालून, रिक्षा करून लोक आलेत आणि मी एक बटण दाबून परत दिलीय. त्याचे पैसे घेता येत नाहीत, आणि न घेतले तर समोरच्याला जास्तच ओशाळल्यासारखं होतं.

आणखी एक. अनेक शेगड्या बराच वेळ कोणी बटणाला हात लावला नाही की सुरक्षेसाठी आपणहून बंद होतात. मंद आचेवर तास-दोन तास काही ठेवायची सवय असेल आणि दर वेळी ठरावीक वेळानेच बंद पडत असेल, तर घड्याळ लावून खात्री करा. माहितीपुस्तिकेत तो वेळ दिलेला असतो. पडद्यावर अक्षर आणि आकडा असा कोड येत असेल तर त्याचा अर्थही तिथेच पाहा. कोड कंपनीगणिक बदलतात. एकीकडे जो कोड "भांडं नाही" सांगतो, तोच दुसरीकडे "व्होल्टेज कमी" सांगू शकतो.

वरची बाजू: भांडं

पहिली तपासणी चुंबकाची. फ्रिजच्या दारावरचं साधं चुंबक चालेल. भांडं उलटं करा आणि चुंबक तळाच्या मधोमध लावा. कडेला नाही, मधोमध. हे मुद्दाम सांगतोय, कारण साध्या स्टीलच्या भांड्याला ठोकून, ओढून आकार देताना काठाकडचा भाग किंचित चुंबकीय होतो. लोक काठाला लावून बघतात, चिकटलं म्हणतात, आणि तळाला काहीच चिकटत नसतं.

सगळं स्टील इंडक्शनवर का चालत नाही, हा प्रश्न ठरलेला. निकेल असलेलं ३०४ जातीचं स्टील, ज्याला १८/८ म्हणतात, ते चुंबकाला दाद देत नाही. ४३० जातीचं देतं. लोखंड, बीड आणि चुंबकाला चिकटणारं स्टील यांच्यात प्रवाह तळाच्या पातळशा थरात दाटतो, त्याला अडथळा होतो आणि त्या अडथळ्याची उष्णता होते. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनिअम यांच्यातून तो इतक्या सहज वाहतो की उष्णता फारशी होतच नाही. शेगडीला समोरचा भार विचित्र लागतो आणि ती "भांडं नाही" असं समजून टूं-टूं करते. माती आणि काच यांच्यात प्रवाहच नाही, त्यामुळे तो विषय संपला.

चुंबक चिकटलं, तरी तपासणी अर्धीच झाली. आता ते तळावरून मधून काठाकडे सरकवत न्या आणि कुठे सुटतं ते पाहा. बऱ्याच अ‍ॅल्युमिनिअमच्या नॉनस्टिक भांड्यांच्या तळाला भोकांची स्टीलची चकती दाबून बसवलेली असते. भांडं बघायला २२ सेंटिमीटरचं, पण चकती १३ ची. शेगडीच्या लेखी ते १३ सेंटिमीटरचंच भांडं. घरगुती शेगड्यांना साधारण १० ते १२ सेंटिमीटरपेक्षा लहान तळ ओळखू येत नाही, आणि त्या सीमेवरचं भांडं लहरी वागतं. बरोबर मधे ठेवलं तर चालतं, दोन बोटं सरकलं तर नाही. "काल चाललं, आज नाही" याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. चकतीची एक कड सुटली असेल तरी तेच होतं, आणि मग किरकिर आवाजही येतो. चकती सुटलेलं भांडं ठोकून बसवायच्या भानगडीत पडू नका, बसत नाही.

दुसरी तपासणी तळ सपाट आहे का याची. हिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि खरी मेख हिच्यातच असते. एक शेगडी माझ्याकडे महिन्यात तीनदा आली. तक्रार एकच, तेल तापवताना खूप धूर होतो, शेगडी आवरतच नाही, मग एकदम बंद पडते. मी दर वेळी माझ्या भांड्यात पाणी उकळायचो, सगळं ठीक दिसायचं, परत द्यायचो. तिसऱ्यांदा म्हटलं, तुमची कढई आणा. कढई आली. काचेवर ठेवली आणि कडेला बोट लावलं, तर भोवऱ्यासारखी दोन फेरे फिरली. पट्टी तळावर उभी धरली तर मधे फुगवटा आणि दोन्ही बाजूंना उजेडाच्या फटी. तळ बाहेर आलेला होता आणि मधल्या टेकडीवर कढई तोललेली होती. आपल्या जागी ती कधीच नीट बसत नव्हती, जराशी कलली की सेन्सरवरून सरकायची.

कारण समजून घ्या. काचेखाली मधोमध हरभऱ्याएवढा तापमानाचा सेन्सर असतो. तो भांड्याला लागलेला नसतो, काचेला लागलेला असतो. भांडं किती तापलंय हे त्याला काच सांगते. तळ आणि काच यांच्यात हवा शिरली की हा निरोप उशिरा पोहोचतो. तोवर आतलं तेल पुढे निघून गेलेलं असतं. नंतर निरोप एकदम येतो आणि शेगडी घाबरून बंद होते. शेगडीचं काही चुकलं नव्हतं. तिला खबरच चुकीची मिळत होती.

घरी तपासायला स्टीलची पट्टी उलट्या तळावर उभी धरा आणि उजेडाकडे तोंड करून खालची फट बघा. मधे अगदी बारीक, कागदाएवढी फट असेल तर हरकत नाही. चांगले तळ थंड असताना किंचित आत घेतलेलेच असतात, तापले की ते सपाट होतात. जाड पुठ्ठा आत सरकत असेल, किंवा भांडं काचेवर गरगर फिरत असेल, तर ते भांडं इंडक्शनवरून आणि इन्फ्रारेडवरूनही निवृत्त करा. हॉटप्लेटवर जीवाला धोका कमी, पण वेळ आणि वीज वाया जाते, आणि मधोमध करपतं ते यामुळेच. गोल बुडाच्या कढईला हे सगळं आणखी जास्त लागू आहे. रिंगवर बसवून ती काचेच्या शेगडीवर चालवायचा प्रयत्न करू नका.

तळ फुगतो कशाने? गरम भांडं थेट नळाखाली धरल्याने, रिकामं तापवल्याने आणि पातळ भांड्याला पहिल्या सेकंदापासून पूर्ण ताकद दिल्याने. हिशेब करून बघा. एक किलोचं स्टीलचं भांडं २०० अंशांनी तापवायला साधारण १०० किलोज्यूल लागतात. २००० वॅटची शेगडी तेवढी उष्णता मिनिटभरात देते. म्हणजे रिकामं भांडं ठेवून तुम्ही फोन घ्यायला गेलात, तर परत येईपर्यंत ते दोनशे अंशांच्या पलीकडे गेलेलं असेल. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांपुढे खराब व्हायला लागतो आणि त्याचा धूर नाकात जाऊ नये असाच असतो. नॉनस्टिक रिकामं आणि पूर्ण आचेवर, ही जोडी कधीच जमवू नका.

मध्यस्थ चकतीबद्दल हमखास विचारतात. अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्याखाली लोखंडी चकती ठेवायची, चकती तापेल, ती भांडं तापवेल. चालतं, हो. पण चकती तापल्याशिवाय भांडं तापत नाही, आणि ती सगळी धग काचेला आणि खालच्या वेटोळ्याला सोसावी लागते. मी अशा शेगड्या उघडल्यात. वेटोळ्याच्या तारेवरचं आवरण तपकिरी झालेलं असतं. मला विचाराल तर चकतीच्या पैशांत एक बरं भांडं घ्या.

घड्याळ लावून पाण्याची परीक्षा

भांडं चुंबकाच्या आणि पट्टीच्या परीक्षेत पास झालं की शेगडीची ताकद मोजा. एक लिटर साधं पाणी, झाकण, पूर्ण आच, घड्याळ.

२५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. २००० वॅटच्या इंडक्शनने हे काम तीन ते चार मिनिटांत करायला हवं. हॉटप्लेटला आधी स्वतः तापावं लागतं, तिला आणखी दोन-तीन मिनिटं द्या. तुमच्या इंडक्शनला सात-आठ मिनिटं लागत असतील तर पाण्यापर्यंत जेमतेम ६५० ते ७५० वॅट पोहोचतायत.

आता हीच परीक्षा दुसऱ्या, चांगल्या तळाच्या भांड्यावर करा. वेळ सुधारला तर दोष पहिल्या भांड्याचा. सुधारला नाही तर हीच परीक्षा दिवसाच्या दुसऱ्या वेळी, घरात बाकी काही चालू नसताना करा. तेव्हा सुधारला तर व्होल्टेजकडे बघा. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर २००० वॅटची हॉटप्लेट जेमतेम १२२५ वॅट देते. इंडक्शन मात्र व्होल्टेज फार खाली किंवा फार वर गेलं की कोड दाखवून कामच थांबवते. कधीच सुधारला नाही तर पुढे वाचा.

खालची बाजू: हवा

"पंधरा मिनिटांनी बंद पडते, गार झाली की चालते" अशी तक्रार ऐकली की मी शेगडी उलटी करतो. इंडक्शनच्या पोटात पंखा असतो. तो खालून हवा ओढतो आणि मागून किंवा बाजूने बाहेर सोडतो. ही हवा अडली की आतला भाग तापतो, त्याच्यावरचा दुसरा सेन्सर ओरडतो आणि शेगडी बंद होते.

अडवणारी वस्तू बहुतेकदा आपणच ठेवलेली असते. ओटा खराब होऊ नये म्हणून खाली अंथरलेला कागद, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, शेगडीचे तुटलेले पाय, मागे चिकटून उभी भिंत. कागद तर पंख्याच्या ओढीने वर जाऊन जाळीला चिकटतो, उचलून पाहिल्याशिवाय कळतही नाही. शेगडी कडक, सपाट, उघड्या पृष्ठभागावर ठेवा, मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडा. शेजारी गॅस पेटलेला असेल तर पंखा ती गरम हवाच आत घेतो, म्हणून दोघांत अंतर हवं.

मग जाळी बघा. तेलकट वाफ आणि धूळ मिळून तिथे नमद्यासारखा थर बसतो. प्लग काढून, शेगडी पूर्ण गार झाल्यावर कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने बाहेरून तो साफ करा. पाणी नाही, ओला फवारा नाही. नंतर चालू करून कागदाचा पातळ तुकडा हवा बाहेर येते तिथे धरा. फडफडला तर पंखा जिवंत. नाही फडफडला, किंवा पंखा खरखरतोय, तर तो बदलायला हवा. काम फार मोठं नसतं, पण ते शेगडी उघडून करायचं असतं, तेव्हा मेकॅनिककडे.

झुरळं. हो, झुरळं. पंख्याची उब त्यांना आवडते. जाळीपाशी काळे बारीक दाणे दिसले तर आत वस्ती आहे असं समजा. एक झुरळ नको तिथे आडवं पडलं की सर्किट बोर्ड जातो. शेगडी वापरात नसेल तेव्हा ती बंद खोक्यात ठेवलेली बरी.

काच

तडा गेला असेल तर शेगडी वापरायची नाही. केसाएवढा असला तरी नाही. ही काच तापमानाच्या फरकाने सहसा फुटत नाही, कारण तापल्यावर ती जवळपास प्रसरणच पावत नाही. पण टोकाचा घाव, म्हणजे झाकणाची कड, जड तव्याचा कोपरा, तिला सोसत नाही. तड्यातून उतू गेलेलं पाणी थेट विजेवर जातं. वर टेप लावून किंवा गोंद भरून ती सुरक्षित होत नाही. भिंतीवरचं बटण बंद करा, आणि वर पाणी सांडलेलं असेल तर शेगडीला हात न लावता मेन स्विचवरून वीज तोडा.

तडा नसेल तर फक्त स्वच्छता. करपलेला थर तळ आणि काच यांच्यात फट तयार करतो आणि पुन्हा तीच सेन्सरची गोष्ट. साखरेचं काही सांडलं तर मात्र गार होऊ देऊ नका. आच बंद करा, हात सांभाळून, काच उबदार असतानाच खरवडणीने काढा. गार होताना साखर काचेला घट्ट धरते आणि निघताना काचेचा कपचा घेऊन निघते. बीडाची भांडी उचलून ठेवा, ओढू नका. काचेवर चमचा, झाकण, फॉइल ठेवायची सवय असेल तर ती मोडा. पडद्यावर "एच" अक्षर दिसतंय तोवर काच गरम आहे.

मागची बाजू: प्लग, सॉकेट, अर्थिंग

२३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर, अ‍ॅडाप्टर लावून, ही शेगडी चालवणं म्हणजे आगीला निमंत्रण आहे. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको, आणि गुंडाळी केलेलं एक्स्टेंशन तर मुळीच नको, कारण वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

शेगडी पंधरा मिनिटं चालवा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लगच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट असेल तर चालेल. धरवत नसेल, पिनांजवळ पिवळट-तपकिरी डाग असतील, सॉकेटमध्ये प्लग सैल हलत असेल, तर थांबा. सैल जागेचा विरोध समजा फक्त अर्धा ओहम आहे. ८.७ अँपिअरला तिथे जवळपास ३८ वॅट उष्णता तयार होते. साध्या सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि तीही प्लास्टिकच्या पोटात. वायरमनकडून सॉकेट बदलून घ्या, प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर प्लगही. नव्या सॉकेटमध्ये जळका प्लग घातला की महिन्या-दोन महिन्यांत सॉकेट पुन्हा जळतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींमध्ये ही एक हमखास असते.

ट्रिप होत असेल तर काय पडतंय ते बघा. एमसीबी पडत असेल तर त्याच लाइनवर गिझर, ओव्हन असं आणखी काही चालू होतं का? ते बंद करून एकदा लावून बघा. ईएलसीबी पडत असेल तर वीज कुठेतरी जमिनीकडे गळते आहे. ज्या हॉटप्लेटची तार उघडी नसून आवरणात बंदिस्त असते, तिच्यात तारेभोवती जी पांढरी पूड असते ती ओल शोषते. महिनोन्‌महिने पडून राहिलेली हॉटप्लेट दमट हवेत पहिल्यांदा लावली की म्हणूनच ट्रिप करते. एकदा स्विच वर करून बघा. पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा हात लावू नका. ईएलसीबी काढून टाकणारा, किंवा प्लगची तिसरी पिन तोडून देणारा कारागीर भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

झिणझिण्या आल्या तर तपासणी वगैरे काही नाही. वीज तोडा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग तुटलेलं आहे किंवा आत गळती आहे, बहुधा दोन्ही. मातीच्या खाचेत उघडी तार असलेली जुनी शेगडी अजून वापरत असाल तर तिची दुरुस्ती करू नका, ती टाकून द्या. ती तार म्हणजे उघडी वीज आहे, आणि उतू गेलेलं पाणी ती भांड्यापर्यंत आणून सोडतं.

इथे थांबा

एवढं सगळं ठीक असूनही शेगडी चालत नसेल तर दोष आत आहे, आणि आत तुमचं काम नाही. इंडक्शनमध्ये वीज आधी एकदिश केली जाते आणि एका कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठून राहतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात. व्हिडिओ बघून उघडणाऱ्यांना हे अनुभवाने कळतं.

फ्यूज उडाला असेल तर तो सहसा कारण नसतो, परिणाम असतो. मागे उभा असलेला पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, आणि नवा फ्यूज लावताक्षणी तोही उडतो. एकाने फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधून दिली होती. शेगडी माझ्याकडे आली तेव्हा बोर्डाचा एक कोपरा कोळसा झालेला होता. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

बोर्ड आणि काच दोन्ही गेले असतील तर मी स्वतःच सांगतो की दुरुस्तीत पैसे घालू नका. पंखा, सेन्सर, पॅनेलची पट्टी, वायर एवढंच असेल तर दुरुस्ती परवडते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर इंडक्शन घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, हे मेकॅनिकला विचारायचं काम नव्हे.

नवीन भांडं घ्यायचं झालं तर दुकानात चुंबक आणि पट्टी खिशात घेऊन जा. तळ जाड हवा, चुंबक काठापासून काठापर्यंत चिकटायला हवं, आणि व्यास शेगडीवरच्या वर्तुळाच्या आसपास. इंडक्शनचं चिन्ह छापलेलं असतं, पण चकती केवढी आहे ते चिन्ह सांगत नाही. लेपाच्या हमीपेक्षा मी तळाच्या जाडीला जास्त मान देतो. फार मोठं भांडं बटणांवर सावली धरतं आणि पॅनेल भाजतं, तेही टाळा.

आणि शेगडी दुरुस्तीला न्यायचीच झाली, तर ज्या भांड्यावर ती अडते ते भांडंही सोबत न्या. पाण्याच्या परीक्षेचे मिनिटं-सेकंद आणि पडद्यावर आलेला कोड एका चिठ्ठीवर लिहून त्याच भांड्यात टाका.